उद्यानातील पॅगोडा : वास्तू, वृक्ष आणि नाव

'पॅगोडा' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एकावर एक छपरे चढविलेली चिनी-जपानी वास्तू उभी राहते. रोपवाटिकेत गेले तर हाच शब्द झाडांच्या नावांतही भेटतो. हे दूरदेशीचे वाटणारे नाव आपल्याशी किती जवळचे आहे आणि वऱ्हाडातल्या बागेत त्याला कोणते स्थान द्यावे, याचा थोडक्यात विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पॅगोड्याचे मूळ

पॅगोडा हा बौद्ध स्तूपाचा वंशज होय. स्तूपाच्या माथ्यावर छत्रे असतात. बौद्ध धर्माबरोबर स्तूप चीनकडे गेला, तेथील बहुमजली मनोऱ्याशी त्याचा मेळ बसला आणि मजल्यांचा पॅगोडा तयार झाला. स्तूप उंच कसा होत गेला हे पाहण्यास फार दूर जावयास नको. अजिंठ्याच्या १९ क्रमांकाच्या लेण्यातील स्तूपावर एकावर एक तीन छत्रे असून ती जवळजवळ छताला भिडली आहेत. हे लेणे पाचव्या शतकातील, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातील. हरिषेणाची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपले वाशिम. १९९८ पर्यंत ते अकोला जिल्ह्यातच होते.

पूजास्थान ते शोभेची वस्तू

अठराव्या शतकात युरोपला चिनी वस्तूंची हौस लागली. लंडनजवळच्या क्यू उद्यानात विल्यम चेंबर्स या वास्तुशिल्पज्ञाने १७६२ मध्ये दहा मजली पॅगोडा उभारला. चीनमध्ये पॅगोड्याचे मजले विषम संख्येत ठेवण्याचा प्रघात आहे. चेंबर्सने दहा केले, कारण त्याला पूजास्थान बांधावयाचे नव्हते, देखावा उभा करावयाचा होता. उद्यानकलेच्या दृष्टीने तो देखावा फसलेला नाही. सपाट जागेत उंच वस्तू दूरच्या दृश्याला शेवट देते आणि तिचे टप्पे नजरेला पायरी-पायरीने वर नेतात. आपल्या देवळापुढील दीपमाळही हेच काम करते.

कलकत्त्याच्या ईडन गार्डन्समधील पॅगोड्याची कथा मात्र वेगळी आहे. दुसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धानंतर ब्रह्मदेशातील प्रोम येथील हा लाकडी पॅगोडा उतरवून कलकत्त्यास आणला आणि १८५६ मध्ये बागेत उभा केला. जिंकलेल्यांचे पूजास्थान जेत्यांच्या फिरण्याच्या जागेची शोभा झाले. पॅगोडा कलकत्त्यास आणला तेव्हा गव्हर्नर जनरल होता लॉर्ड डलहौसी. त्याच डलहौसीच्या अमदानीत, १८५३ च्या तहाने, निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले.

आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. दक्षिणेत चालणाऱ्या 'होन' या सोन्याच्या नाण्यालाही युरोपीय लोक पॅगोडाच म्हणत. हिंदुस्थानात येऊन झटपट श्रीमंत होणे याला इंग्रजीत 'पॅगोड्याचे झाड हलविणे' असा वाक्प्रचार रूढ झाला. झाड हलविणारे ते, आणि झाड आपले!

पॅगोडा नावाची झाडे

इंग्रजीत ज्याला 'पॅगोडा ट्री' म्हणतात तो आपला पांढरा चाफा. युरोपीय लोक हिंदू देवळालाही पॅगोडाच म्हणत आणि हे झाड देवळांपाशी दिसे, म्हणून हे नाव पडले. श्रीलंकेत व लाओसमध्ये तो बौद्ध विहारांच्या आवारात फुलतो. गंमत अशी की, हा चाफा मूळचा अमेरिका खंडातला. परका असून तो आपल्या देवाच्या पायाशी जाऊन बसला.

'जपानी पॅगोडा वृक्ष' हा वस्तुतः चीनचा. क्यू उद्यानात १७६२ च्या सुमारास लावलेले त्याचे झाड प्रसिद्ध आहे. तो थंड मुलखात रमणारा.

तिसरे 'पॅगोडा फूल'. या झुडपाचा नारिंगी-तांबडा तुरा खाली रुंद व वर निमुळता असून थरांनी रचलेला असतो, म्हणजे नावाप्रमाणेच रूप. केरळात त्यास 'कृष्णकिरीटम्' म्हणतात आणि ओणमच्या फुलांच्या रांगोळीत ते वापरतात. आपली औषधी भारंगी याच्याच गोतातली.

वऱ्हाडातील बाग

अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपलीकडे जातो. पूर्णाकाठचा खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून गेला आहे. तेथे विहिरीचे पाणीही खारे. अशा ठिकाणी झाड निवडताना रूपाआधी पाण्याचा हिशेब करावा लागतो. पॅगोडा फुलाला ओल व सावली हवी. नळाजवळ, भिंतीच्या आडोशाला एखादे झुडूप पुरे. चाफा मात्र जाड फांद्यांत पाणी साठवतो, कोरड्या दिवसांत पाने टाकतो आणि ऐन उन्हाळ्यात निष्पर्ण फांद्यांवर फुलतो. काळ्या मातीत पाणी साचून त्याची मुळे कुजतात, म्हणून मुरूम मिसळून उंचवटा करावा. हातभर फांदी तोडून, चीक सुकेपर्यंत आठवडाभर सावलीत ठेवावी आणि मग लावावी. खर्च काहीच नाही. स्मशानातले झाड म्हणून काही वडीलधारी माणसे तो अंगणात लावू देत नाहीत. पण देवळात चालणारे झाड दारात का चालू नये?

शेवटी एक मुद्दा मांडावासा वाटतो. अलीकडे हॉटेलांच्या व मंगल कार्यालयांच्या हिरवळीवर सिमेंटचे छोटे स्तूप व पॅगोडे दिसतात; पाण्याची नळी त्यांच्यावरच टाकलेली असते. आमच्या घरची मंडळी दरवर्षी दसऱ्याला शिदोरी बांधून नागपूरला दीक्षाभूमीवर जातात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी जेथे धम्मदीक्षा दिली, तेथील भव्य स्तूपापुढे ती हात जोडतात. त्यांच्या लेखी स्तूप म्हणजे दिव्याचा खांब नव्हे. म्हणून मला वाटते, जेथे कुणी हात जोडणार असेल तेथेच स्तूप उभारावा. बागेला केवळ उंची आणि शोभा हवी असेल, तर चाफा लावावा. आपल्या महाविद्यालयाच्या आवारात येत्या चैत्रात चार फांद्या रोवता येतील. त्यांच्या सावलीला बसणारे विद्यार्थी आपल्यानंतरचे असतील, पण वैशाखात वास त्यांना नक्की येईल.