‘ऑन द अदर हँड’ कोठे लिहावे, कोठे लिहू नये?

पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांना हातमोजे, एप्रन, मशीन पुसण्याच्या चिंध्या, ताडपत्रीची कव्हरे पुरविणारे आपले अनेक बांधव आहेत. माल चोख असतो. गाडी अडते ती इंग्रजी पत्रापाशी. ‘ऑन द अदर हँड’ हा शब्दप्रयोग अशा पत्रांत सर्रास येतो, आणि पुष्कळदा चुकीच्या जागी येतो.

याचे कारण असे की मराठीत ‘उलट’ हा एकच शब्द दोन कामे करतो. इंग्रजीत त्या दोन कामांसाठी दोन निराळे प्रयोग आहेत. उर्दू जाणणाऱ्यांना फरक चटकन कळेल. ‘जबकि’च्या जागी ‘ऑन द अदर हँड’. ‘नहीं’ म्हटल्यानंतर जो ‘बल्कि’ येतो, त्याच्या जागी ‘ऑन द कॉन्ट्ररी’.

पहिल्या प्रयोगात दोन्ही गोष्टी आपल्याला मान्य असतात. ‘अवर रेट इज हाय. ऑन द अदर हँड, अवर क्लॉथ लास्ट्स लाँगर.’ म्हणजे दर जास्त हे कबूल, पण कापडही जास्त टिकते.

दुसऱ्यात आरोप नाकारायचा असतो. कारखान्याने लिहिले की हातमोजे कमी आले. उत्तर असे द्यावे: ‘द गुड्स वेअर नॉट शॉर्ट. ऑन द कॉन्ट्ररी, वुई सेंट टेन पेअर्स एक्स्ट्रा.’ येथे ‘ऑन द अदर हँड’ घातले तर नकार लंगडा पडतो.

हा केवळ व्याकरणाचा प्रश्न नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणीकृत लहान उत्पादकाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि फार तर ४५ दिवसांत मिळाले पाहिजेत. मात्र माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली, तर ती दूर होईल त्या दिवसापासून मुदत मोजली जाते. म्हणून हरकतीचे उत्तर ताबडतोब, लेखी आणि निःसंदिग्ध शब्दांत गेले पाहिजे. पुढे वाद झाला तर तेच पत्र फाइलमधून बाहेर निघते.

पत्र टाइप करायला देण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: समोरच्याचे म्हणणे मला मान्य आहे का? मान्य असून दुसरी बाजू सांगायची असेल तर ‘ऑन द अदर हँड’. मान्य नसेल तर आधी स्पष्ट ‘नॉट’, मग ‘ऑन द कॉन्ट्ररी’, आणि सोबत चलनाची प्रत.