चंद्रावरचा खजिना

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही मोबाइलवर खेळ खेळता. खेळ अर्धवट सोडला, तरी दुसऱ्या दिवशी तो तिथूनच पुढे सुरू होतो. पण असाही एक काळ होता, की वीज गेली की सारा खेळ पुसला जाई आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. अशाच एका जुन्या खेळाची गोष्ट आज मी तुम्हांला सांगणार आहे. त्या खेळाचे नाव ‘डक टेल्स’.

हा खेळ एका कार्टून मालिकेवरून तयार झाला. तिचा नायक स्क्रूज मॅकडक हा एक श्रीमंत पण कंजूष बदक. कार्ल बार्क्स या चित्रकाराने १९४७ साली हे पात्र निर्माण केले. पुढे १९८७ साली डिस्नी कंपनीने स्क्रूज आणि त्याच्याकडे राहणारी तीन खोडकर मुले यांच्यावर मालिका काढली. आपल्याकडे १९९० नंतरच्या दशकात ती रविवारी दूरदर्शनवर हिंदीतून लागत असे.

१९८९ साली जपानमधील कॅपकॉम कंपनीने निन्टेन्डोच्या यंत्रासाठी हा खेळ बनवला. त्या यंत्राच्या नकला आपल्या बाजारातही आल्या. यंत्र टीव्हीला जोडायचे, त्यात कॅसेट बसवायची की झाले!

खेळात स्क्रूजच्या हाती एक काठी असे. उडी मारून काठी पायाखाली धरली, की तो तिच्यावर टुणटुण उड्या मारत जाई. काट्यांवरूनही तो सहज पार होई. हिमालयात मात्र ही काठी बर्फात रुतून बसे! ॲमेझॉनचे जंगल, ट्रान्सिल्व्हेनियाचा वाडा, आफ्रिकेतील खाणी, हिमालय आणि चंद्र अशा पाच ठिकाणी खजिने होते. कोठे आधी जायचे, ते आपण ठरवायचे. पण खाणीचे दार बंद असे आणि त्याची किल्ली असे ट्रान्सिल्व्हेनियाच्या वाड्यात. त्या वाड्यात जादूचे आरसे होते. आरशात शिरले, की आपण भलत्याच ठिकाणी बाहेर पडत असू.

हा खेळ एकट्याने खेळायचा होता. पण घरात यंत्र एक आणि आम्ही भाऊ दोघे. म्हणून ठरले होते, एक चान्स भाईजानचा, एक माझा. भाईजानने आपल्या वहीच्या मागच्या पानावर वाड्याचा नकाशा काढला होता. कोणत्या आरशातून कोठे जाता येते, ते बाणांनी दाखवले होते.

एका संध्याकाळी आम्ही चार खजिने मिळवले. फक्त चंद्र उरला होता. आम्ही चंद्रावर पोहोचलो आणि वीज गेली! मी अगदी रडकुंडीला आलो. भाईजान मला गच्चीवर घेऊन गेला. सगळ्या मोहल्ल्यात अंधार होता आणि वर चंद्र लख्ख दिसत होता. भाईजान म्हणाला, “चंद्र कुठे पळून जातोय? उद्या पुन्हा जाऊ.” मग तो त्या खेळातील चंद्रावरची धून गुणगुणू लागला.

ती धून हिरोशिगे तोनोमुरा या जपानी संगीतकाराची आहे. त्या यंत्राला एका वेळी पाचच आवाज काढता येत. तेवढ्यातून त्यांनी अशी धून रचली, की लोक आजही ती विसरलेले नाहीत.

२०१३ साली हा खेळ नव्या रूपात आला. मालिकेत स्क्रूजला आवाज देणारे ॲलन यंग यांनीच, वयाच्या ९३ व्या वर्षी, त्यात पुन्हा आवाज दिला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये या नव्या खेळाची इंटरनेटवरील विक्री बंद झाली. २०२० च्या मार्चमध्ये ती पुन्हा सुरू झाली. पाहा, इतका आवडता खेळसुद्धा असा एकाएकी नाहीसा होऊ शकतो!

आमचे यंत्र कधीच बिघडले. भाईजानची वही रद्दीत गेली. तो आता नोकरीसाठी सौदी अरेबियात असतो. पण ईदच्या दिवशी त्याचा फोन येतो, तेव्हा सलामाआधी तो ती धून गुणगुणतो आणि मी ती पुरी करतो.

मित्रांनो, वस्तू हरवतात, पण एकमेकांना सांगितलेल्या आठवणी टिकतात. आज घरी गेल्यावर तुमच्या अब्बांना, अम्मीला किंवा दादीला विचारा, “तुम्ही लहानपणी कोणता खेळ खेळत होता?” ते जे सांगतील, ते वहीत लिहून ठेवा.

शब्दार्थ
कंजूष – बखील
रुतणे – धंसना
भलत्याच ठिकाणी – किसी और ही जगह
रडकुंडीला येणे – रोने के करीब होना
एकाएकी – अचानक

स्वाध्याय
१. खाणीच्या दाराची किल्ली कोठे होती?
२. वीज गेल्यावर भाईजानने लेखकाची समजूत कशी घातली?
३. ‘रडकुंडीला येणे’ या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.
४. घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीच्या आवडत्या खेळाविषयी पाच वाक्ये लिहा.