तारेवाचून वीज

प्रश्न : तारेवाचून दूरवर वीज पाठविणे शक्य व निर्धोक आहे काय?

उत्तर : शक्यतेविषयी शंका उरलेली नाही, १९७५ साली कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन येथे सूक्ष्मतरंगांच्या झोताने सुमारे दीड किलोमीटरवर ३० किलोवॉटांहून अधिक वीज पोहोचविण्यात आली. परंतु अंतर वाढेल तसतसा हा झोत स्वभावतःच पसरत जातो, आणि त्यास आवरावयाचे तर दोन्ही टोकांच्या तबकड्या अवाढव्य कराव्या लागतात. म्हणून जेथे तारा नेता येतात तेथे हा खटाटोप मला व्यर्थ वाटतो. हे तरंग क्ष-किरणांप्रमाणे आयनीभवन करीत नसले, तरी तीव्र झोत शरीर तापवितो, आणि रक्ताभिसरणाअभावी डोळ्याच्या भिंगास ती उष्णता विशेष बाधक ठरते. सबब मार्गात माणूस वा विमान येताच प्रक्षेपण तत्काळ थांबेल, असा बंदोबस्त झाल्यावाचून अशा योजनेस मंजुरी देऊ नये.