लोखंडी नांगर

मुलांनो, चित्रकार व्हावयास निघालेला एक मुलगा पुढे नांगरांचा कारखानदार झाला, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली झाला. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु त्यांच्या डोळ्यांना रंगांतील भेद कळेना. रंग सुटले, तरी रेषा सुटली नाही. ते यंत्रांची रेखाचित्रे काढावयास शिकले आणि मुंबईतच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले.

त्या काळी यंत्रे बहुधा विलायतेहूनच येत. ती येथे घडविता येतील, असे फारसे कोणास वाटत नसे. लक्ष्मणरावांना मात्र तसे वाटे. त्यांनी बेळगावास सायकलींचे दुकान काढले, मग कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर तयार केले. पण नांगर घेणार कोण? लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती! हसू नका. ज्याचे वर्षाचे पोट एका शेतावर, तो अपरिचित वस्तूला भिणारच. पहिला नांगर विकावयास दोन वर्षे लागली. एवढा काळ धीर धरणे, हे कोणत्या शाळेत शिकवितात?

पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. तेव्हा औंधच्या अधिपतींनी त्यांना जमीन दिली आणि १०,००० रुपये कर्जही दिले. १९१० साली कुंडल रोड स्थानकाजवळच्या निवडुंगाने भरलेल्या ओसाड माळावर कारखाना उभा राहिला. त्या स्थानकाच्या पाटीवर आज ‘किर्लोस्करवाडी’ हे नाव आहे.