अनामत परत घेण्याआधी

पाचगणी

चि. सोनू,


परवा तुझा फोन आला तेव्हा घरात पाहुणे होते, म्हणून आज सविस्तर लिहिते. वाचनालयातून चिऊसाठी आणलेली पुस्तकं तुला पटली नाहीत आणि अनामत परत घेऊन सभासदत्व बंद करायचं तुझ्या मनात आहे. पुस्तकांबद्दलचं तुझं मत बरोबर आहे. सभासदत्व मात्र बंद करू नकोस.

तू पाठवलेले फोटो मी मोठे करून पाहिले. मजकुरात कावळा आणि चित्रात मोरासारखा कुठलातरी पक्षी. दुसऱ्या पुस्तकात वाचनालयाचा जांभळा शिक्का नेमका चित्रातल्या मुलीच्या तोंडावर. शेवटच्या पानावर चौकटीत तात्पर्य, तेही गोष्टीपेक्षा ठळक अक्षरांत. मूल लहान आहे म्हणून त्याच्यापुढे काहीही ठेवलं तरी चालतं, असं समजून काढलेली ही पुस्तकं आहेत. अशी पुस्तकं पूर्ण वाचलीच पाहिजेत असं काही नाही. अर्ध्यात मिटून ठेव. तात्पर्याची चौकट तर खुशाल गाळ.

पण त्या गठ्ठ्यातली सगळीच पुस्तकं वाईट नव्हती. दोन तर चांगली होती, फक्त आठ-नऊ वर्षांच्या मुलांची होती. आपल्याकडे बालविभाग म्हणजे बहुतेक ठिकाणी एकच कपाट. सव्वा वर्षाच्या चिऊचं पुस्तक आणि सातवीतल्या मुलाचं विज्ञानाचं पुस्तक शेजारी शेजारी. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं हे त्यांतलं एक, आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा हे त्याच्या लगेच पुढचं. तुझ्या निराशेचा निम्मा भाग त्या एका कपाटामुळे आहे.

चिऊच्या वयाला काय लागतं ते तू रोज पाहतेसच. जन्मल्यावर काही आठवडे बाळाला वीतभर अंतरावरचंच नीट दिसतं, तेही ठळक काळं-पांढरं. पुढे हाताला लागेल ते तोंडात जातं, म्हणून पुस्तक जाड पुठ्ठ्याच्या पानांचं हवं. आता ती बोट दाखवून नाव विचारते आहे, तर पानावर एकच वस्तू, मोठी आणि ओळखू येईल अशी हवी. अशी पुस्तकं महाग पडतात, लवकर फाटतात, म्हणून वाचनालयं ती घ्यायला कचरतात. सवलतीत मिळणारा पातळ पुस्तकांचा संच घेतला की संख्या भरते. तुझ्या हाती आला तो असाच संच.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेव. तुला न आवडणं आणि तिला न आवडणं यांत अंतर आहे. बसचं पुस्तक तुला रटाळ वाटलं, पण चिऊ तेच पुन्हा पुन्हा पुढे करते असं तूच म्हणालीस. ते परत करू नकोस, मुदत वाढवून घे. चित्र आणि शब्द जुळत नाहीत याचा निकाल तू द्यायचास. कोणतं पान दहा वेळा बघायचं, हे तिनं ठरवायचं.

चांगलं मराठीत नाहीच, हे तुझं म्हणणं मला मान्य नाही. माधुरी पुरंदरे यांची राधा आणि यश यांची पुस्तकं बघ. लिहिणारी आणि चित्रं काढणारी एकच व्यक्ती, त्यामुळे ओळ आणि चित्र एकमेकांना सोडत नाहीत. घर आपलं, माणसं आपली. बालसाहित्यासाठी त्यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आहे. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका स्वस्त आहे. प्रथम बुक्सच्या स्टोरीव्हीवर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट वाचायला मिळतात आणि छापूनही घेता येतात. चार पानं छाप, पुठ्ठ्यावर चिकटव, चिऊला चघळू दे.

दिवाळीत इकडे येशील तेव्हा आपण भिलारला जाऊ. स्ट्रॉबेरीचं हे गाव ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालं. वेल्समधल्या हे-ऑन-वायवरून ही कल्पना घेतली. हे-ऑन-वाय जुन्या पुस्तकांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध. भिलारला मात्र लोकांनी आपल्या घरांत पुस्तकं ठेवून घेतली. सुरुवातीलाच पंचवीस ठिकाणी मिळून पंधरा हजारांच्या आसपास पुस्तकं होती, घरोघरी वेगळा विषय, बालसाहित्यालाही स्वतंत्र जागा. बसून वाचायचं, पैसे नाहीत. विकत घेण्याआधी पुस्तक मुलाच्या हातात देऊन बघायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

आता मुख्य काम. सार्वजनिक वाचनालयं १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता आणि सरकारी अनुदान घेऊन चालतात. म्हणजे वाईट संचातही आपलाच पैसा गेलेला असतो. तू मुकाट्यानं बाहेर पडलीस तर पुढच्या खरेदीतही तोच संच येईल, आणि तो तुझ्यासारखं फोनवर कुणाला विचारता न येणाऱ्या एखाद्या आईच्या हाती पडेल. तिला वाटेल, पुस्तकं अशीच असतात आणि आपल्याच मुलाला वाचनाची आवड नाही. मला काळजी तिची वाटते.

तेव्हा ग्रंथपालांना भेट. रागानं बोलू नकोस. तुटपुंज्या पगारावर ती माणसं वाचनालय उघडं ठेवतात. कपाटातला खालचा एक कप्पा तीन वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळा करा म्हणावं. त्याला पैसा लागत नाही, आणि रांगणाऱ्या मुलाचा हात तिथं पोचतो. शिक्का आतल्या कोऱ्या पानावर मारा, एवढंही सांग. मग वाचकांच्या मागणीची वही मागून घे आणि तीत पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक असं नीट लिही. वार्षिक सभेला चिऊला कडेवर घेऊन जा. तिथं लहान मुलांच्या आया फारशा दिसत नाहीत, म्हणूनच त्यांचा विषय निघत नाही.

मागणीखाली सही आणि सभासद क्रमांक घालायला विसरू नकोस. निनावी मागणी कुणी मनावर घेत नाही.

तुझी,
मावशी