डोंगळ्यांचा फुलोरा संपल्यावर मधपेट्यांची निगा

प्रश्न : नाशिक भागात सातेरी मधमाश्यांच्या वसाहती फेब्रुवारी ते मे कशा सांभाळाव्यात?

उत्तर : जिल्ह्यातील कांदा बीजोत्पादनाचे डोंगळे साधारणपणे फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतात. कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो, कुक्षी नंतर तयार होते. म्हणून बी धरायला मधमाशी लागतेच. फुलोऱ्यात कीटकनाशक फवारणे म्हणजे स्वतःचेच बियाणे घटवणे. या दिवसांत वसाहत झपाट्याने वाढते. दर आठवड्याला पेटी तपासावी. पोळ्याच्या खालच्या कडेला राणीघरे दिसली, तर वसाहतीचे विभाजन करावे, नाहीतर जुनी राणी थवा घेऊन निघून जाते.

खरी कसोटी एप्रिलपासून. अळ्या-कोषांभोवती सुमारे 35 अंश सेल्सिअस तापमान राखण्यासाठी माश्या पाणी आणतात आणि पंखांनी वारा घालतात. त्यामुळे दाट सावली आणि पेटीजवळ खडे टाकलेले पसरट पाण्याचे भांडे हवेच. फुले आटल्यावर साखर व पाणी समप्रमाणात घेऊन केलेला पाक सायंकाळी, पेटीच्या आतच द्यावा. उघड्यावर ठेवल्यास शेजारच्या वसाहती लूट करतात. माश्यांनी न झाकलेली पोळी काढून टाकावीत, कारण मेणकिडा तिथेच शिरतो. उपासमार किंवा मेणकिडा असह्य झाला की सातेरी पेटी सोडते. मेलिफेरा जातीची मधमाशी सहसा तसे करत नाही.