जुना ट्रॅक्टर गळतोय? आधी डाग ओळखा

भिवंडी तालुक्यात भाताची चिखलणी जवळ आली. जुना ट्रॅक्टर किंवा जीप गळत असेल तर रात्री खाली कोरा पुठ्ठा सरकवा, सकाळी डाग बघा.

१) पुढे, पाण्यासारखा पातळ, हिरवा किंवा गुलाबी: कूलंट. होज पाईप, क्लिप, वॉटर पंप तपासा.

२) मधोमध, क्लच हाउसिंगखाली: काळं, पातळ तेल इंजिनचं. जाड, उग्र वासाचं तेल गिअरबॉक्सचं. दोन्हींचे सील वेगळे. हे ठरल्याशिवाय ट्रॅक्टर फोडायला देऊ नका, मजुरी दोनदा पडेल.

३) मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला: ॲक्सल सील. तेल ड्राय ब्रेकच्या लायनरवर गेलं तर ब्रेक धरत नाही. आधी हेच काम करा.

४) गिअर ऑइल दुधाळ झालं असेल तर आत पाणी शिरलंय. सील आणि तेल दोन्ही बदला. इंजिन ऑइल दुधाळ असेल तर इंजिन चालू करू नका, हेड गॅस्केट तपासून घ्या.

गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. कूलंट गोडसर पण विषारी असतं. जनावरं चाटण्याआधी सांडलेलं पुसून घ्या.

डागाचा फोटो काढा, मेकॅनिकला दाखवा.